मातुकली आणि रिकामी वाटी

एक होती मातुकली, एक इवलासा जीव. मातीत राहायची. घेवड्याच्या वेलाच्या मुळाशी.

किती लहान होती? इतकी लहान, की मोहरीच्या एका दाण्यावर तिचं सगळं गाव बसलं असतं. वर पाहुणेरावळे आले असते, तरी जागा उरली असती!

मातुकलीला बहिणी पुष्कळ. पिठी, रवाळी, भुरकुटी आणि अजून कितीतरी. सगळ्यांची नावं सांगत बसलं तर तुमचं दूध थंड होईल. सगळ्या जणी मुळीला चिकटून राहायच्या. खेटून, दाटीवाटीने. मुळी त्यांना रोज गोड थेंब द्यायची. टप्! सगळ्या जणी थेंब चाटायच्या. चाटून झालं की मुळीची राखण करायच्या.

राखण कशाला? तर काळी कूज यायची म्हणून! काळी कूज मातीतच राहायची. तिला कोवळी मुळं फार आवडायची. पण मुळीभोवती ही बहिणींची गर्दी. काळ्या कुजीला बोट शिरकवायलाही जागा मिळायची नाही.

मग एक दिवस काय झालं? थेंब आलाच नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. मग तर रोजच येईना.

बहिणींना भूक लागली. भुकेल्या जिवाने करायचं काय? पिठीने अंगाभोवती टणक कवच ओढलं. झोपली. रवाळी झोपली. भुरकुटी झोपली. बघता बघता सगळ्या झोपल्या. गोल गोल. गप्प गप्प.

मातुकली तेवढी जागी राहिली. सगळ्याच झोपल्या, तर राखण कुणी करायची?

"पिठी गं!"

ओ नाही.

"रवाळी गं!"

ओ नाही.

"भुरकुटी गं, एक शब्द तरी बोल की!"

ओ नाही.

मातुकलीला एकटं वाटलं. फार फार एकटं वाटलं. तिला आपलाच आवाज परका वाटू लागला.

तेवढ्यात लांबून आवाज आला. चबक चबक. चबक चबक. काळी कूज निघाली होती! वाटेतली बारीक मुळं खात खात येत होती.

एकटी मातुकली तिला कशी अडवणार? बहिणी जाग्या व्हायला हव्यात. आणि बहिणी जाग्या व्हायला गोड थेंब हवा.

मातुकली निघाली. लुटुक लुटुक. लुटुक लुटुक.

आली मुळीकडे.

"मुळी मुळी, थेंब दे ना!
मुळी थेंब देईना,
नि मी पडले एकटी!"

मुळी म्हणाली, "देईन गं. पण माझ्याकडे आहे कुठे? गोडी येते वरून, पानाकडून. पान गोडी करेना, मी थेंब देऊ कशी?"

चबक चबक. काळी कूज पुढे सरकली.

मातुकली निघाली. लुटुक लुटुक. वेलावर चढली. वर, वर, अजून वर. आभाळ एवढं मोठं! मातुकली एवढीशी! तिने खाली पाहिलंच नाही. पाहिलं असतं तर रडू आलं असतं.

आली पानाकडे. पान वाळत घातलेल्या फडक्यासारखं लोंबत होतं.

"पाना पाना, गोडी कर ना!
पान गोडी करेना,
मुळी थेंब देईना,
नि मी पडले एकटी!"

पान म्हणालं, "करीन गं. पण नुसत्या उन्हाने भागतं का? पाणी नको? ढेकूळ पाणी पिईना, मी गोडी करू कशी?"

चबक चबक. काळी कूज पुढे सरकली.

मातुकली निघाली. लुटुक लुटुक. आली ढेकळाकडे. ढेकूळ रुसून बसलं होतं. दगडासारखं टणक!

"ढेकळा ढेकळा, पाणी पी ना!
ढेकूळ पाणी पिईना,
पान गोडी करेना,
मुळी थेंब देईना,
नि मी पडले एकटी!"

ढेकूळ म्हणालं, "मला का तहान नाही? रोज तांब्याभर पाणी येतं. माझ्या डोक्यावरून सुळकन जातं नि गटारात पडतं. पिऊ कुठून? मला तोंडच नाही! गांडूळ भोकं पाडेना, मी पाणी पिऊ कसं?"

चबक चबक. काळी कूज पुढे सरकली.

मातुकली निघाली. लुटुक लुटुक. खोल खोल. जिथे गार गार असतं. जिथे अंधारच अंधार असतो. आली गांडुळाकडे. गांडूळ वेटोळं करून पडलं होतं.

"गांडुळा गांडुळा, भोकं पाड ना!
गांडूळ भोकं पाडेना,
ढेकूळ पाणी पिईना,
पान गोडी करेना,
मुळी थेंब देईना,
नि मी पडले एकटी!"

गांडूळ म्हणालं, "वर ऊन मी म्हणतंय, बाई. आणि माझं अंग हे असं मऊ! पूर्वी वर पाचोळ्याचं पांघरूण असायचं. पांघरुणाखाली राहायचं, पांघरूणच खायचं. कशी मजा होती! आता वर सगळं उघडं. पाचोळा पसरेना, मी भोकं पाडू कसं?"

"बरं," मातुकली म्हणाली. "मग थोडं बोलतंस का माझ्याशी?"

पण गांडुळाने तोंड फिरवलं होतं. कुठलं तोंड नि कुठली शेपूट, तेही कळेना.

चबक चबक. काळी कूज पुढे सरकली.

मातुकली निघाली. लुटुक लुटुक. मातीच्या बाहेर आली. अंगण ओलांडलं. तुम्ही चार उड्यांत ओलांडाल. मातुकलीला मात्र ते संपता संपेना. कोपऱ्यात ढीग होता. ढिगात पाचोळा होता.

"पाचोळ्या पाचोळ्या, पसर ना!
पाचोळा पसरेना,
गांडूळ भोकं पाडेना,
ढेकूळ पाणी पिईना,
पान गोडी करेना,
मुळी थेंब देईना,
नि मी पडले एकटी!"

पाचोळा म्हणाला, "मला का इथे पडायची हौस आहे? संध्याकाळ झाली की ढिगाला काडी लागते. मग माझा नुसता धूर! मला वेलाखालीच जायचं असतं गं. निघालो, की आलाच तो. खराटा थांबेना, मी पसरू कसा?"

चबक चबक. काळी कूज पुढे सरकली.

मातुकली निघाली. लुटुक लुटुक. आली खराट्याकडे. खराटा जोरात चालला होता. खर्र खर्र! खर्र खर्र! मातुकली उडून पडता पडता वाचली.

"खराट्या खराट्या, थांब ना!
खराटा थांबेना,
पाचोळा पसरेना,
गांडूळ भोकं पाडेना,
ढेकूळ पाणी पिईना,
पान गोडी करेना,
मुळी थेंब देईना,
नि मी पडले एकटी!"

खराटा म्हणाला, "मी का माझ्या मनाने चालतो? माझ्या काड्या बघ, झिजून झिजून अर्ध्या झाल्या. सगुणाक्का बसेना, मी थांबू कसा?"

सगुणाक्का कोण? अंगण तिचं. खराटा तिचा. घेवड्याचं मूळही तिच्याच अंगणात.

सगुणाक्काचं अंगण म्हणजे काय सांगू! सांडलेली साखर उचलून खावी, इतकं लख्ख! सकाळी झाडायची. दुपारी झाडायची. झाडलेलंच पुन्हा झाडायची. वेलाखालची मातीसुद्धा झाडायची. एक पान पडू द्यायची नाही.

घरात सगुणाक्का एकटीच. लेकी सासरी गेलेल्या. चुलीवर चहा चढायचा, तो एकाच कपाचा.

मातुकली तिच्या पायाशी गेली.

"सगुणाक्का सगुणाक्का, बस ना!
सगुणाक्का बसेना,
खराटा थांबेना,
पाचोळा पसरेना,
गांडूळ भोकं पाडेना,
ढेकूळ पाणी पिईना,
पान गोडी करेना,
मुळी थेंब देईना,
नि मी पडले एकटी!"

मातुकलीचा आवाज तो केवढा! पण एकट्या माणसाला बारीक आवाजही ऐकू येतो. सगुणाक्काला आला.

"कशी बसू गं बाई?" सगुणाक्का म्हणाली. "बसलं की घर खायला उठतंय. आदी शेजारची तानू यायची. दुपारचं दोघी पायरीवर बसायचो. शेंगा निवडायचो, हसायचो. आता ती फिरकत न्हाई. माझं काय चुकलं, कुणास ठावं. तानूबाई येईना, मी बसू कशी?"

आणि पुन्हा झाडू लागली. खर्र खर्र. खर्र खर्र.

चबक चबक. काळी कूज पुढे सरकली. आता ती मुळीच्या अगदी जवळ आली होती.

मातुकली घाईने निघाली. लुटुक लुटुक लुटुक लुटुक! कुंपणापाशी आली. घेवड्याचं मूळ कुंपणाच्या अलीकडे होतं, शेंडा पलीकडे. अर्ध्या शेंगा सगुणाक्काच्या, अर्ध्या तानूबाईच्या. मातुकली कुंपणाच्या फटीतून पलीकडे गेली.

तानूबाई दारात बसली होती. तीही एकटीच. मांडीवर एक वाटी. नजर कुंपणापलीकडे.

"तानूबाई तानूबाई, ये ना!
तानूबाई येईना,
सगुणाक्का बसेना,
खराटा थांबेना,
पाचोळा पसरेना,
गांडूळ भोकं पाडेना,
ढेकूळ पाणी पिईना,
पान गोडी करेना,
मुळी थेंब देईना,
नि मी पडले एकटी!"

तानूबाईने पदराने डोळे पुसले.

"कशी येऊ गं? ही वाटी आक्काची हाय. शिरा दिलता तिनं वाटीभर. आता शेजारणीची वाटी कुणी रिकामी परत देतं व्हय? म्हटलं, घेवडा आला की भाजी करीन, वाटी भरून नेईन. पर शेंगाच येईनात!"

"मग चिमूटभर साखर घाल की," मातुकली म्हणाली.

"तवाच घातली असती तर झालं असतं. आता इतक्या दिसांनी चिमूटभर साखर घेऊन जाऊ? तोंड कुठं लपवू? वेल शेंगा देईना, वाटी भरेना, मी येऊ कशी?"

झालं! एक बाई वाटीसाठी घरात बसली. दुसरी बाई तिच्यासाठी बसेना. मध्ये एवढंसं कुंपण.

मातुकलीने वर पाहिलं. कुंपणावर वेलाचा शेंडा होता. पिवळा पडलेला. मान टाकलेला.

"वेला वेला, शेंगा दे ना!
वेल शेंगा देईना,
वाटी भरेना,
तानूबाई येईना,
सगुणाक्का बसेना,
खराटा थांबेना,
पाचोळा पसरेना,
गांडूळ भोकं पाडेना,
ढेकूळ पाणी पिईना,
पान गोडी करेना,
मुळी थेंब देईना,
नि मी पडले एकटी!"

वेल हळूच म्हणाला, "मी आजारी आहे गं. काळी कूज मुळीपाशी पोचली. राखणीला कुणी नाही. तुझ्या बहिणी जागेनात, मी शेंगा देऊ कसा?"

बहिणी जागेनात? अरेच्चा! बहिणींना जागं करायला तर मातुकली निघाली होती!

म्हणजे जिथून निघाली, तिथेच आली. गोल गोल गोल. आता कुणाकडे जायचं? पुढे कुणी नाही. मागे कुणी नाही.

मातुकली तानूबाईच्या मांडीवर चढली, वाटीच्या काठावर बसली आणि रडू लागली. मुळुमुळु. मुळुमुळु. रडता रडता तिचा तोल गेला. वाटीत पडली!

वाटी मोठी होती. गार होती. मातुकली तळाशी उठून बसली. इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. आणि तिचं रडणं थांबलं.

"तानूबाई! वाटी रिकामी कुठे आहे? मी आहे ना!"

तानूबाईने वाटी डोळ्यांजवळ नेली. "कुठं हाईस? दिसत तर न्हाईस."

"दिसत नाही," मातुकली म्हणाली. "पण आहे."

तानूबाईने वाटी कानाला लावली. ऐकलं. आणि खुदकन हसली.

"व्हय की गं! हाईस खरी! मग ही वाटी रिकामी कशी म्हणायची?"

तानूबाई उठली. वाटीवर पदर झाकला. कुंपणाला वळसा घातला. सगुणाक्काच्या दारात आली.

खराट्याचा आवाज थांबला.

"काय आणलंस गं वाटीतनं?" सगुणाक्काने विचारलं.

"बघा की, आक्का."

सगुणाक्काने वाटीत पाहिलं. "मला तर काय बी दिसत न्हाई."

"दिसत न्हाई, पर हाय!"

सगुणाक्का वाटीकडे बघत राहिली. मग तानूबाईकडे बघत राहिली.

"इतकं दिस कुठं हुतीस गं तानू?"

"वाटी रिकामी हुती, आक्का. लाज वाटली."

"आगं खुळे! वाट्या माझ्याकडं फळीभर हाईत. तानू एकच हाय."

असं म्हणाली आणि सगुणाक्का मटकन पायरीवर बसली. तानूबाई शेजारी बसली. आणि मग काय झालं?

सगुणाक्का बसली, खराटा थांबला. कोपऱ्यात पडला. धप्प!

खराटा थांबला, पाचोळा पसरला. वारा आला, पाचोळा उडाला. भुर्र भुर्र! थेट वेलाखाली.

चहा झाला. दोन कपांचा. तानूबाईने कप विसळले, वाटी विसळली. पाणी वेलाच्या बुडाशी ओतलं. पाण्याबरोबर मातुकली घसरत घसरत खाली गेली. सुर्रर्र! मुळीपाशी.

आणि समोरच काळी कूज!

चबक चबक. चबक चबक.

मातुकली मधे उभी राहिली. "इथून पुढे यायचं नाही!"

काळी कूज हसली. "कोण म्हणतं?"

"मी म्हणते!"

"तू? आणि तुझ्याबरोबर कोण?"

मातुकलीने मागे पाहिलं. पिठी झोपलेली. रवाळी झोपलेली. भुरकुटी झोपलेली.

"माझ्याबरोबर कुणी नाही," मातुकली म्हणाली. पण ती हलली नाही.

काळी कूज एक मूळ खायची. मातुकली दुसऱ्यापुढे उभी राहायची. कूज इकडून यायची, मातुकली इकडे. कूज तिकडून यायची, मातुकली तिकडे. असा तो दिवस गेला. अजून दिवस गेले. अशा गोष्टी पटकन होत नाहीत, बाळांनो. तिला खूप भूक लागली. खूप झोप आली. कवच ओढून गप्प पडावंसं वाटलं. तरी ती झोपली नाही.

तिला कुठे माहीत होतं, वर काय चाललंय ते!

वर तानूबाई रोज दुपारी येत होती. खराटा रोज कोपऱ्यात पडून राहत होता. पाचोळ्याला कुणी काडी लावत नव्हतं.

पाचोळा पसरला, गांडूळ वर आलं. गांडुळाने भोकं पाडली. सुळुक सुळुक!

गांडुळाने भोकं पाडली, ढेकूळ पाणी प्यालं. गट गट गट! प्यालं नि भुसभुशीत झालं.

ढेकूळ पाणी प्यालं, पानाने मान वर केली. पानाने गोडी केली. हिरवी हिरवी, उन्हाची गोडी.

पानाने गोडी केली, मुळीने थेंब दिला.

टप्!

थेंब मातुकलीच्या अंगावरच पडला. गोड! काय गोड! मातुकलीने एकदा चाटला. आणि पळत सुटली. पिठीच्या ओठाला लावला. रवाळीच्या ओठाला लावला. भुरकुटीच्या ओठाला लावला.

टक्! पिठीचं कवच फुटलं.

टक्! रवाळीचं फुटलं.

टक् टक् टक् टक्! सगळ्यांची फुटली.

सगळ्या जाग्या झाल्या. सगळ्या थेंब चाटू लागल्या. एकीच्या झाल्या दोन. दोघींच्या झाल्या चार. चौघींच्या झाल्या... जाऊ द्या, कोण मोजणार! मुळीभोवती ही गर्दी!

काळी कूज म्हणाली, "मला थोडी जागा द्या."

"जागा नाही!"

"मला थोडा थेंब द्या."

"थेंब संपला!"

काळी कूज इकडे फिरली, तिकडे फिरली. बोट शिरकवायला जागा मिळेना. मग ती वाळली. सुकली. लांब जाऊन गप्प पडली.

वर वेलाला शेंगा लागल्या. अर्ध्या इकडे, अर्ध्या तिकडे. दोघी जणी पायरीवर बसून त्या निवडू लागल्या. त्यांचं हसणं खाली मातीत ऐकू येत होतं.

खाली तर बोलणंच बोलणं. पिठी बोलत होती. भुरकुटी बोलत होती. कुणाचं कुणाला कळत नव्हतं. मातुकली मधोमध. इकडून धक्का, तिकडून धक्का.

रवाळी वैतागली. "कोण गं ही? सरक की जरा! किती दाटी करतेस!"

मातुकलीला सरकायला जागाच नव्हती. तिने रवाळीला घट्ट धरलं.

"पुन्हा म्हण ना," मातुकली म्हणाली. "पुन्हा एकदा म्हण."